न्यायाधीशबाई आणि मधला स्पीकर

५ मार्च, रविवार

मेव्हण्याने घर बदललं आणि त्याचा होम थिएटरचा अख्खा संच आमच्या दिवाणखान्यात येऊन पडला. "ताईला महिनाभर बोलायचं नाही ना, निदान ऐकू तरी दे," असं म्हणून त्याने खोकी उतरवली आणि पाणीही न पिता गेला. डावा स्पीकर आहे, उजवा आहे, मागचे दोन आहेत, जमिनीवर ठेवायचा एक धडामधुडूम ठोकळा आहे. नाही तो फक्त मधला, पडद्याखाली आडवा ठेवतात तो. मेव्हण्याच्या बायकोने त्यावर कुंडी ठेवली होती आणि रोज नेमाने पाणी घातलं होतं. झाड उत्तम आहे म्हणे.

मला वाटलं, पाच-सहांत एक नसला तर काय बिघडतं. लावून पाहिलं. गाड्या धावतात, दारं आपटतात, पाठीमागे पाऊस पडतो. माणसं मात्र शेजारच्यांच्या घरात बोलावीत तशी बोलतात. पुस्तिकेत लिहिलंय की सिनेमातलं बहुतेक सगळं बोलणं त्या मधल्यातूनच येतं. म्हणजे आमचा संच मध्यमपदलोपी समास झाला. लहानपणी काकांनी छडी उगारून व्याकरण घोकून घेतलं, त्याचा उपयोग एकदाचा झाला.

हिच्या स्वरतंतूवरची गाठ शुक्रवारी काढली. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय की एक अक्षर बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही, कुजबुजणं तर जास्तच वाईट. "आवाज येईल," त्या म्हणाल्या. "कुठला येईल, ते आज विचारू नका."

एरवी हा प्रश्न कुणी विचारलाही नसता. पण ही आवाजावरच जगते. एका परदेशी मालिकेतल्या न्यायाधीशबाईंना इतकी वर्षं आपल्या भाषेतला आवाज हिचा. मी पेपरात कोर्टाच्या बातम्या देतो. खरे न्यायाधीश तितकं नेमकं बोलत असते तर माझं काम निम्मं झालं असतं. घरात काही वाद निघाला की ही त्या आवाजात "पुढे बोला" म्हणायची, आणि मी आणि लेक गुपचूप आपापली बाजू मांडायला लागायचो.

तो आवाज परत आला नाही तर काय, यावर आम्ही दोघं बोललेलो नाही. तिला बोलायची बंदी आहे, हे एक बरं निमित्त मिळालंय.

७ मार्च, मंगळवार

कोर्ट सुटल्यावर स्पीकरच्या दुकानात गेलो. दुकानदाराला मी मनातल्या मनात डेसिबल म्हणतो, कारण मापं सांगायला लागला की तो त्या शब्दाला दर वाक्यात हजर करतो. केस मागे बांधलेले, स्वतःचा आवाज मात्र अगदी हळू. मिठाईवाला गोड खात नाही, त्यातलं.

"सर, डावा-उजवा कुठल्या कंपनीचे?"

सांगितलं. कुणी गेल्याचं कळल्यावर करतात तसा त्याने चेहरा केला. "ती बंद पडली सर. आता जोडीचा मधला मिळणार नाही."

"दुसरा कुठला लावला तर?"

"लावा की. पण घराणं वेगळं पडणार. नायक बोलत बोलत डावीकडून उजवीकडे गेला, की मधे दोन पावलं तो वेगळाच माणूस होतो."

"असे मी रोज बघतो," मी म्हटलं. "साक्षीदार म्हणून येतात."

तो हसला नाही. तांत्रिक माणसं हसत नाहीत, नोंद घेतात.

मग त्याने दुसरा मार्ग सांगितला: मधला नाहीच असं अँप्लिफायरला कळवून टाकायचं. मग डावा आणि उजवा मिळून मधोमध कुणीतरी बोलत असल्याचा भास निर्माण करतात. फक्त तो भास बरोबर मधे बसणाऱ्या एकालाच होतो. मी म्हटलं, घरी आम्ही दोघं आहोत. तो म्हणाला, मग मधला घ्या सर.

"आणि निवडायचा कसा?"

"ओळखीचा आवाज आणा. अनोळखी आवाज काय, सगळ्याच स्पीकरवर बरा वाटतो. जो रोज ऐकता, तो आणा."

मी फोनवर हिच्या मालिकेचा एक जुना भाग काढून दिला. दुकानाच्या मागे एक खोली आहे, भिंतींना काळं कापड, खिडकी नाही. तिथे एका आडव्या खोक्यातून न्यायाधीशबाई म्हणाल्या, "हे न्यायालय घाईत नाही." मी पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. डेसिबलने विचारलं, "सर, पाणी आणू?" खोलीत हवा खेळती नव्हती, हे मी त्याला सांगितलं.

तो स्पीकर घरी लावून बघायला दिलाय. नाही पटला तर परत घेईन म्हणाला, फक्त खोकं फाडू नका.

१२ मार्च, रविवार

आलेल्या स्पीकरचं नाव मी ढोलू ठेवलं. टीव्हीखालच्या कपाटाच्या खणात तो फिट्ट बसला. त्यातून सगळेच पुरुष मंत्री वाटतात आणि सगळ्या बायका सर्दी झाल्यासारख्या.

दुपारी ही मालिकेचे नवे भाग लावून बसली. जानेवारीत घसा बसून काम थांबायच्या आधी बरेच भाग तिने उरकून ठेवले असणार. या लोकांचं काम महिनोन्‌महिने पुढे चालतं. मी शेजारी बसलो. घराच्या केरवाऱ्यापासून स्वयंपाकापर्यंत सगळं सध्या माझ्याकडे आहे, वर कोर्ट आहे, त्यामुळे न्यायाधीशबाई आसनावर बसायच्या आत मी निकालात निघालो.

जाग आली तेव्हा ही टीव्ही बंद करून, हातात पाटी घेऊन बसली होती. लेकीने आणलेली पांढरी पाटी आहे, लिहायची आणि पुसायची. त्यावर एकच शब्द: "नको."

"जाड वाटतो ना आवाज?"

तिने माझ्याकडे बघितलं, मग मान डोलावली. हो की नाही ते नीटसं कळलं नाही. मी हो धरलं.

१३ मार्च, सोमवार

ढोलू परत. डेसिबल म्हणाला, कपाटाच्या खणात कोंबला की कुणीही ढोलू होतो. तो पुढे ओढा, तोंड थोडं वर करा, ऐकणाऱ्याच्या कानाकडे. हा सल्ला त्याने आधी दिला असता तर माझी पाठ वाचली असती.

दुसरा दिलाय. बारीक, ताठ, आवाज टोकदार. नाव सुई.

१६ मार्च, गुरुवार

आज कोर्टातून आलो तर सुई सुरूच. न्यायाधीशबाई कुणाला तरी झापत होत्या. ही सोफ्यावर पाय वर घेऊन, मांडीवर पाटी, पेन उघडं. एकच प्रसंग मागे नेत होती आणि परत ऐकत होती. माझी चाहूल लागताच बंद केलं. डोळे लाल.

मी लगेच ओळखलं. इतका तिखट आवाज तासन्‌तास ऐकला की त्रास व्हायचाच. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असं समजायचं. न्यायशास्त्रातला पहिलाच धडा. "स आणि श अंगावर येतात ना?" मी विचारलं. "मूर्धन्य ष म्हणशील तर तो माणसांनाच येत नाही, त्या बिचाऱ्याला कशाला दोष."

एरवी यावर हिने मला काहीतरी सुनावलं असतं. आज पाटीवर लिहिलं: "श्वास फार ऐकू येतो."

"म्हणजे जास्तच स्पष्ट आहे. लपवत नाही."

तिने पाटी पुसली. मग ताटं घेतली. जेवताना आमच्या घरात आता फक्त चमच्यांचा आवाज असतो. मी दिवसभराच्या गमती सांगतो, पण एकट्याने किती सांगणार. दुसऱ्याने मधे "हं" म्हटलं नाही की गोष्ट हवेत लोंबकळते.

१९ मार्च, रविवार

आज कानसेन येऊन गेला. हिच्या स्टुडिओतला ध्वनिमुद्रण करणारा. आयुष्यभर काचेपलीकडे कानांवर हेडफोन लावून बसला, म्हणून हे नाव हिनेच दिलेलं. फळं घेऊन आला. हिच्याशी बोलायचं सोडून सगळा वेळ माझ्याशी स्पीकरबद्दल बोलला. वाकून सुईकडे बघितलं, बोटाने टकटक केलं, म्हणाला, "चांगलाय हो. कडक आहे. खोटं बोलणार नाही."

"हिला नको आहे," मी म्हटलं.

त्याने हिच्याकडे बघितलं नाही. "ताई, तुम्ही घाई करू नका," तो फळांच्या पिशवीला म्हणाला. "काम कुठे पळून जात नाही."

हिने रिमोट उचलला, कालचा भाग लावला, न्यायाधीशबाई पडद्यावर आल्या तसा थांबवला आणि त्याच्याकडे भुवया वर करून बघितलं. कानसेनने रुमालाने चष्मा पुसला. "शिकतेय," तो म्हणाला. "मेहनती आहे. तुमचे जुने भाग घरी लावून बसते. वरच्यांना घाई होती ताई, माझ्या हातात काय असतं."

तो कुणाबद्दल बोलत होता ते मी विचारणार होतो, तेवढ्यात दूध उतू गेलं. परत आलो तर तो चपला घालत होता. स्टुडिओच्या भानगडी असतात, कुणी शिकाऊ असेल. दारात त्याने उगाचच माझा हात दोन्ही हातांत धरला. लाजाळू माणूस.

२१ मार्च, मंगळवार

डॉक्टरीणबाईंकडे. सूज उतरली नाही. अजून गप्प राहायचं. येताना रिक्षात ही बाहेर बघत होती, मी पुढे.

माझी आजची बातमी उपसंपादकाने चार ओळींवर आणली. त्याला म्हटलं, उरलेल्या चारही काढ.

२५ मार्च, शनिवार

सुई परत करून तिसरा आणला. याचं नाव मखमल. डेसिबलने तो तळघरातून काढला, म्हणाला, "सर, हा जरा गोड आहे. आवाजाला गोलाई देतो. शुद्ध म्हणणार नाही मी. पण घरच्यांना आवडेल." मलाही आवडला. दुकानात हिचा जुना भाग लावला तेव्हा न्यायाधीशबाई अगदी समोर बसून बोलत आहेत असं वाटलं. महिन्याभरात मी प्रथमच काहीतरी धड केलं, असं घरी येईपर्यंत वाटत होतं.

आज ठरवून झोपलो नाही. पुढे ओढून, तोंड वर करून, खाली रबराचे तुकडे देऊन मखमल ठेवला. हिला बरोबर मधे बसवलं. या आठवड्याचा भाग लावला. न्यायाधीशबाई आल्या, बसल्या, म्हणाल्या, "आरोपीला काही सांगायचं आहे का?" काय तो आवाज. मऊ, भरीव, एक कण इकडचा तिकडे नाही.

मी हिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, "बघ. शेवटी सापडला. हुबेहूब तू."

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. न्यायाधीशबाई कधी कधी साक्षीदाराकडे बघतात, त्याला खोटं बोलायचं नव्हतं पण खरं माहीतच नव्हतं असा साक्षीदार असला की, तसं. मग माझा हात खांद्यावरून उचलून माझ्या मांडीवर ठेवला, आत गेली आणि दार लोटलं.

मखमल पुढे बोलत राहिला. काही माणसांना कशानेच बरं वाटत नाही. मी भांडी घासली.

२६ मार्च, रविवार

सकाळी लेकीचा फोन. ती परगावी नोकरीला असते, रविवारी करते.

"बाबा, काल काय केलंत?"

"स्पीकर बसवला. तुझ्या आईला काही पसंत पडत नाही. तिसरा आहे. काल म्हटलं, हुबेहूब तुझा आवाज, तर उठून गेली."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. 

"बाबा. तुम्ही नवे भाग बघताय ना?"

"हो."

"ती आई नाहीये."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"जानेवारीपासून आई नाहीये. दुसरी घेतलीय त्यांनी. आईने मला तेव्हाच सांगितलं होतं. म्हणाली, बाबांना सांगू नकोस, ऐकतील तेव्हा त्यांना आपोआप कळेल."

मी फोन ठेवला की तिने, ते आठवत नाही.

इथे वर लिहिलेलं सगळं आत्ता वाचून काढलं. 'नको.' श्वास. लाल डोळे. कानसेनचा चष्मा. प्रत्यक्षासमोर बसून अनुमान करत बसलो. धूर बरोबर होता, डोंगर चुकला. ती पंधरा दिवस तिच्या जागी बसलेल्या बाईला ऐकत होती आणि मी त्या बाईचा आवाज अधिक गोड कसा येईल यासाठी शहरभर खोकी वाहत होतो.

आणि तेही जाऊ दे. मला कळलं नाही. एवढं तिने गृहीत धरलं होतं, की मला कळेल.

२९ मार्च, बुधवार

सोमवारी तिला म्हटलं, "चुकलं माझं." तिने मान हलवली, म्हणजे ठीक आहे. मंगळवारी पुन्हा म्हटलं. आज तिसऱ्यांदा सुरुवात केली तर तिने पाटी उचलली. "पुरे. मलाही पहिल्या भागात दोन वाक्यं माझीच वाटली."

मग पुसून खाली लिहिलं, "पोरगी चांगली आहे." मग तेही पुसलं.

मी तिला विचारलं, मग रोज कशाला ऐकतेस, त्रास करून घ्यायला? तिने खांदे उडवले. मला वाटतं, सुटत नसेल. मीही बदली झाल्यावर जुन्या कोर्टाच्या बातम्या कितीतरी दिवस वाचायचो, नव्या माणसाने काय घाण केलीय ते बघायला.

२ एप्रिल, रविवार

आज हिने स्वतःहून चपला घातल्या आणि मखमलकडे बोट दाखवलं. परत करायचा. आणि तीही येणार.

डेसिबल गडबडला. इतके दिवस ज्या आवाजावर त्याने तीन स्पीकर तपासले तो या बाईंचा, हे मी त्याला सांगितलं. त्याने खुर्ची पुसली. "मॅडम, म्हणजे तुम्हीच त्या? न्यायालय घाईत नाही? माझी आई बघते. वेळ झाली की आमच्याकडे कुणी कुकरसुद्धा लावत नाही." ही हसली, आवाज न करता. "मॅडम, एकदा म्हणून दाखवा ना." मी त्याला बाजूला घेऊन समजावलं. त्यानंतर तो इतक्या हळू बोलायला लागला की आम्हा तिघांत पाटीच काय ती मोठ्याने बोलत होती.

काळ्या कापडाच्या खोलीत हिने तिन्ही स्पीकर ओळीने लावायला सांगितले. जुना भाग नाही. त्या नव्या मुलीचा, निकालाचा प्रसंग. तेवढंच, परत परत. डोळे मिटून. मधेच बोट वर करायची, डेसिबल मागे न्यायचा, ती पुन्हा ऐकायची. मला बसायला जागा नव्हती, मी वायरींच्या भेंडोळ्यावर टेकलो. तिचा चेहरा मी कित्येक दिवसांत असा बघितला नव्हता. घरी बाई आजारी होती. इथे कामावर आल्यासारखी दिसत होती.

शेवटी तिने सुईवर हात ठेवला.

"मॅडम," डेसिबल म्हणाला, "खरं सांगू? डावा-उजवा आणि हा, घराणं जुळत नाही. आणि हा काही लपवत नाही. ज्याने चूक केली त्याची चूक तशीच बाहेर. तुमचा तो मखमल बघा, सगळ्यांना सांभाळून घेतो."

हिने लिहिलं: "म्हणूनच हा."

"पण श्वास ऐकू येतो म्हणून तर परत केला होता," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं आणि पाटीवर दुसऱ्या ओळीत लिहिलं: "तुम्ही परत केलात." हे खरं आहे. रेकॉर्ड तपासून पाहिलं. सुई नको असं तिने कुठेच म्हटलेलं नाही.

सुई घरी आली. आता कायमची. नायक डावीकडून उजवीकडे जाताना दोन पावलं वेगळाच माणूस होतो. चालायचंच. आपणही कुठे अखंड असतो.

६ एप्रिल, गुरुवार

डॉक्टरीणबाईंनी आज कॅमेरा घातला, बघितलं, म्हणाल्या, छान. बोला.

 हिने पर्स मांडीवर ठेवली, पाठ सरळ केली, जशी माइकसमोर करत असणार. मग म्हणाली, "काय बोलू?"

मी खिडकीबाहेर बघत होतो, त्यामुळे आधी मला वाटलं की मागून कुणी आलं. खालचा, खरखरीत, मधेच विरणारा आवाज. आजारातून उठलेल्या थोराड माणसाचा म्हणून खपला असता. वाईट नव्हता. पण मी त्याला रस्त्यात ओळखलं नसतं.

"हाच राहणार?" तिने विचारलं.

"थोडा सुधारेल. पण वरची पट्टी आता नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ते तुमचं न्यायाधीशांचं काम, तास तासभर त्या सुरात बोलायचं, ते नको. ते केलंत तर आहे हाही जाईल. दुसरं काहीतरी करता येईल, सावकाश. सध्या दिवसाला पाच मिनिटं. कुणाशीही, काहीही. बाकी गप्प."

"बरं," ही म्हणाली. आणि आजची मिनिटं तिने तिथेच संपवली. रिक्षात बोलली नाही. घरी आल्यावर पाटी घेऊन कानसेनला निरोप पाठवायला सांगितला, की आपण येणार नाही, जागा त्या मुलीचीच. मी तो माझ्या फोनवरून टाइप केला. बातमीदाराने दोन ओळींची बातमी लिहावी आणि चार वेळा खोडावी, असं कधी झालं नव्हतं.

कानसेनने उत्तरादाखल त्या मुलीचा नंबर पाठवला. तो हिने मागितला नव्हता. निदान माझ्यामार्फत तरी नव्हता.

७ एप्रिल, शुक्रवार

आज दुसऱ्या दिवसाची मिनिटं. मी सकाळीच स्वयंपाक आटपून घेतला. कोर्टात दुपारनंतर जातो म्हणून कळवलं. काय बोलेल, कुठून सुरू करेल, मी काय म्हणायचं, याची मनात थोडी तयारी केली होती. सोफ्यावर जाऊन बसलोही.

हिने फोन उचलला, नंबर लावला, मोठ्याने ऐकू येईल असा करून टेबलावर ठेवला, कारण कानाशी धरला की नकळत आवाज चढतो. समोर टीव्हीवर निकालाचा प्रसंग थांबवून ठेवलेला.

"हॅलो?" पलीकडे तरुण, घाईतला आवाज.

"दोन मिनिटं वेळ आहे?" ही म्हणाली.

"कोण बोलतंय आपण?"

महिनोन्‌महिने हिचे भाग ऐकून जी हिचा आवाज शिकली, ती विचारत होती. मी हिच्याकडे बघू शकलो नाही. टेबलावरच्या फोनकडे बघितलं.

"मी," ही म्हणाली. "तुझ्या आधीची न्यायाधीश."

पलीकडे खुर्ची सरकली. मग, "ताई?" आणि मग घाईघाईने, "ताई, मी खरंच, मला तुम्हाला फोन करायचा होता, पण मला वाटलं तुम्हाला आवडणार नाही, मी त्यांना म्हटलंही होतं की..."

"ते राहू दे. माझ्याकडे वेळ थोडा आहे. लिहून घेतेस?"

"हो. हो ताई. थांबा, पेन..."

"निकाल सांगताना तू आवाज चढवतेस. पडद्यावरची ती चढवत नाही. कागदाकडे बघते आणि एक पायरी खाली येते. म्हणून सगळे गप्प होतात, त्यांना ऐकायला पुढे वाकावं लागतं." थांबली, पाण्याचा घोट घेतला. "दुसरं. श्वास. वाक्याच्या तोंडाशी घेतेस, तो ऐकू येतो. वकील बोलत असतो ना, तेव्हाच घेऊन ठेव. तुझी पाळी येईल तेव्हा तू भरलेली असली पाहिजेस."

"हो ताई."

"आणि माझी नक्कल करू नकोस. माझ्यासारखं बोलणं आता मलाही जमत नाही. तुझी बाई वेगळी असू दे. पडद्यावर ती हसते तिथे तिला एकदा तरी पूर्ण हसव. मी कधी हसवलं नाही, मला वाटायचं तिला शोभणार नाही. चूक होती ती."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. सुईवर आला असता तर फारच स्पष्ट आला असता. "ताई, तुमचा आवाज..."

"आहे हा असा आहे. सवय होईल."

"तुमच्या लक्षात येतंय तेवढं मला कुणीच सांगत नाही हो. सगळे म्हणतात, छान, हुबेहूब."

"हुबेहूब म्हणणाऱ्यांचं फार मनावर घेऊ नये," ही म्हणाली. माझ्याकडे न बघता.

मी गादीचा एक सुटलेला दोरा ओढत बसलो.

"उद्या परत फोन करू मी?" त्या मुलीने विचारलं. "उद्या तो मोठा प्रसंग आहे, साक्षीदार उलटतो तो."

हिने घड्याळाकडे बघितलं. थोडी मिनिटं शिल्लक होती, आवाज मात्र तळाला गेला होता. शेवटचे शब्द निम्मे हवाच होते.

"उद्या नको. परवा कर. उद्याची पाच मिनिटं यांच्यासाठी राखून ठेवलीत. महिनाभराचं साठलंय, पुरायची नाहीत."

फोन ठेवला. टीव्ही सुरू केला, निकाल पुन्हा पहिल्यापासून लावला, आणि पाटी मांडीवर घेऊन त्या मुलीचं ऐकत बसली.

मी उद्या सुट्टी टाकली आहे.